पारण्याविना उपवास : क्षुधानिग्रहाची कथने आणि बरे होण्याचे रूप

मराठी वाचकाला उपवास परका नाही. एकादशी, संकष्टी, हरतालिका, सोळा सोमवार अशा व्रतांनी आपले पंचांग भरलेले आहे, आणि या प्रत्येक व्रताच्या रचनेतच उपवास सुटण्याची वेळ ठरलेली असते. द्वादशीला पारणे होते, संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो, दीर्घ व्रताचे उद्यापन होते आणि त्याची कहाणीही सुफळ संपूर्ण होते. अन्नाचा त्याग व अन्नाचा पुनःस्वीकार ही एकाच आकृतिबंधाची दोन टोके असतात. पाश्चात्त्य वैद्यकाने ज्याला ‘ॲनोरेक्झिया नर्व्होसा’ असे नाव दिले त्या आजारात या आकृतिबंधाचे दुसरे टोकच नाहीसे झालेले दिसते. येथे उपवास आहे, परंतु पारणे नाही. प्रस्तुत निबंधात या आजाराच्या कथनांचा इतिहास तपासावयाचा आहे. ही कथने कोणी केली, त्यांत निवेदकाचे स्थान कोणाकडे राहिले आणि बरे होण्याला त्यांत कोणते रूप मिळाले, हे त्यातील मुख्य प्रश्न आहेत. साहित्याने व समीक्षेने उपासमारीला अर्थपूर्ण रूप दिले, बरे होण्याला मात्र ते दिले नाही. आणि या असमतोलाची किंमत आजारी व्यक्तींना मोजावी लागली, अशी येथील भूमिका आहे.

प्रथम नावाविषयी. ग्रीक भाषेत ‘ओरेक्सिस’ म्हणजे इच्छा, भूक. ‘ॲनोरेक्झिया’ म्हणजे तिचा अभाव. याचा शब्दशः मराठी पर्याय ‘क्षुधानाश’ असा होईल. परंतु या आजारात भूक नष्ट झालेली नसते, निदान आरंभी तरी नसते. रुग्ण भुकेशी अहोरात्र झुंजत असतो. अन्नाचा विचार त्याची पाठ सोडत नाही. नाश होतो तो भुकेला ‘हो’ म्हणण्याच्या शक्तीचा. म्हणून येथे ‘क्षुधानिग्रह’ हा शब्द योजला आहे. ही शब्दनिवड गौण नव्हे. भूकच नाही असे मानले की बाहेरच्या माणसाला आग्रह करण्यापलीकडे काही उरत नाही. भूक आहे आणि तिच्याशी युद्ध चालू आहे असे मानले, तर त्या युद्धातील एका बाजूशी संवाद करणे शक्य होते.

वैद्यकाने हे नाव देण्यापूर्वीही अन्न नाकारणाऱ्या स्त्रियांची चरित्रे लिहिली जात होती. सिएनाची संत कॅथरीन (१३४७–१३८०) हिचे चरित्र तिचा धर्मोपदेशक रेमंड ऑफ कापुआ याने लिहिले. अन्नत्याग हे त्यातील पावित्र्याचे एक प्रमुख चिन्ह आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस या सामग्रीवर दोन महत्त्वाचे अभ्यास प्रसिद्ध झाले. रुडॉल्फ बेल यांनी ‘होली ॲनोरेक्झिया’ (१९८५) मध्ये इटलीतील संत स्त्रियांचा उपवास व आधुनिक आजार यांत साम्य पाहिले. पितृसत्ताक धर्मसंस्थेत स्वायत्तता मिळविण्याची ती धडपड होती, असा त्यांचा विचार होता. कॅरोलिन वॉकर बायनम यांनी ‘होली फीस्ट अँड होली फास्ट’ (१९८७) मध्ये सावधगिरीचा मार्ग धरला. मध्ययुगीन स्त्रीच्या ताब्यात असलेले साधन म्हणजे अन्न. ते शिजविणे, वाढणे, दान करणे व नाकारणे यांतून ती ईश्वराशी आणि समाजाशी नाते जोडत होती. त्या अर्थव्यवस्थेत उपवासाला प्रभुभोजनाची जोड होती. बायनम यांचा मुद्दा आपल्या व्रतांनाही लागू पडतो. व्रत व आजार यांत बाह्य क्रिया समान असली तरी ज्या अर्थसंदर्भात ती घडते तो भिन्न असतो. सरसकट समीकरण मांडणे म्हणजे संतांना रुग्ण आणि रुग्णांना संत ठरविणे होय, आणि यांतील दुसरी चूक अधिक घातक आहे.

आधुनिक वैद्यकातील पहिला सविस्तर वृत्तांत सामान्यतः रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याचा मानला जातो. क्षयावरील त्याचा लॅटिन ग्रंथ १६८९ मध्ये प्रसिद्ध झाला व १६९४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. ज्ञात शारीरिक कारणाविना होणाऱ्या ‘चेतासंस्थेच्या क्षया’ची दोन उदाहरणे त्यात आहेत. पहिले एका अठरा वर्षांच्या मुलीचे. औषधांना कंटाळून तिने उपचार थांबविण्याची विनंती केली आणि पुढे तिचा मृत्यू झाला. दुसरे एका सोळा वर्षांच्या मुलाचे. मॉर्टनने त्याला अभ्यास सोडून खेड्यातील हवेत राहण्याचा, घोड्यावर फिरण्याचा व दुधाचा आहार घेण्याचा सल्ला दिला, आणि त्याची प्रकृती पुष्कळच सुधारली. या दोन उदाहरणांचे पुढील भवितव्य लक्षणीय आहे. मॉर्टनचे नाव घेतले की हाडांच्या सापळ्यासारखी ती मुलगी आठवते. मुलगा तळटीपेत जातो. तो बरा होत गेला म्हणून, आणि मुलगा होता म्हणूनही. आजाराची स्मृती मृत्यूभोवती आणि स्त्रीदेहाभोवती गोठत जाण्याची प्रक्रिया येथूनच सुरू झालेली दिसते.

१८७३ हे वर्ष या इतिहासातील संधिस्थान आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग याचा ‘हिस्टेरिक ॲनोरेक्झिया’वरील लेख प्रसिद्ध झाला आणि लंडनमध्ये सर विल्यम गल याने क्लिनिकल सोसायटीपुढे निबंध वाचला, तो पुढील वर्षी छापला गेला. १८६८ मध्ये गलने हा आजार अपचनाशी जोडणारे नाव वापरले होते. पचन ठीक आहे हे ध्यानात आल्यावर त्याने ते सोडले व ‘ॲनोरेक्झिया नर्व्होसा’ हे नाव स्वीकारले. त्याच्या निबंधातील रुग्णांना मिस ए, मिस बी, मिस सी अशी नावे आहेत. मजकुरासोबत छायाचित्रांवरून केलेली काष्ठचित्रे आहेत, एक आजारातील व एक बरे झाल्यानंतरचे. या दोन चित्रांच्या मध्ये जे महिने गेले त्यांविषयी मिस ए काय सांगेल, हे आपल्याला कळत नाही. बरे होणे येथे दिसते, परंतु ऐकू येत नाही.

लासेगचा लेख कथनदृष्ट्या अधिक समृद्ध आहे. रुग्णाची एकटीची तपासणी करून या आजाराचे खरे चित्र मिळणार नाही, तिच्या भोवतालची माणसेही पाहिली पाहिजेत, हे त्याने ओळखले. कुटुंबाजवळ विनवणी आणि धमकी अशी दोनच अस्त्रे असतात व दोन्ही निष्फळ ठरतात, हे त्याचे निरीक्षण आजही कोणत्याही पीडित घराला पटेल. गलने नियमित अंतराने अन्न देण्यावर भर दिला, परंतु शुश्रूषेसाठी नातेवाईक बहुधा सर्वांत अयोग्य असतात असेही सांगितले. जोन जेकब्स ब्रुमबर्ग यांनी ‘फास्टिंग गर्ल्स’ (१९८८) मध्ये दाखविल्याप्रमाणे व्हिक्टोरियन मध्यमवर्गीय घरात जेवणाचे टेबल हे प्रेमाचे व नियंत्रणाचे एकत्र स्थान होते. त्या टेबलावरील नकार हा वाक्याइतकाच स्पष्ट होता. परंतु ते वाक्य नेहमी दुसऱ्यानेच वाचले, आणि तो दुसरा कधी डॉक्टर होता, कधी आई, कधी संपादक.

विसाव्या शतकात हे वाचन साहित्याच्या हाती आले. काफ्काची ‘उपवासकलावंत’ ही कथा १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक प्रेक्षकांसमोर पिंजऱ्यात बसून उपवास करतो. अखेरीस तो कबूल करतो की आपल्याला रुचेल असे अन्नच आपल्याला सापडले नाही. तो मरतो आणि पिंजऱ्यात एक तरणाबांड बिबळ्या आणून ठेवला जातो. १९२४ मध्ये घशाच्या क्षयामुळे स्वतः काही गिळू न शकणारा काफ्का याच नावाच्या संग्रहाची मुद्रिते तपासत होता. या कथेने उपासमारीला कलेचे प्रतिमान बनविले. पुढे सँड्रा गिल्बर्ट व सुसान गूबर (१९७९), सूझी ऑर्बाक (१९८६), मॉड एलमन (१९९३), सुसान बोर्डो (१९९३) यांच्या लेखनातून क्षुधानिग्रह हा प्रतिकार, निषेध, लेखनाचे रूपक, संस्कृतीचा देहावर कोरलेला मजकूर अशा विविध अर्थांनी वाचला गेला. या वाचनांचे ऋण मोठे आहे. व्यक्तीच्या ‘हट्टा’मागील सामाजिक रचना त्यांनी उघड केली. तरीही देहाला संहिता मानल्यावर समीक्षेला त्या संहितेच्या पूर्णत्वाची ओढ लागते, आणि या संहितेचे पूर्णत्व म्हणजे मृत्यू. ही ओढ कोठवर जाऊ शकते हे एलेन वेस्टच्या प्रकरणातून दिसते.

‘एलेन वेस्ट’ हे टोपणनाव आहे. ही सुशिक्षित ज्यू स्त्री कविता व रोजनिशी लिहीत असे. दोन मनोविश्लेषकांचे उपचार घेतल्यानंतर १९२१ च्या जानेवारीत ती क्रॉइत्सलिंगेन येथील बेलव्ह्यू आरोग्यधामात लुडविग बिन्सवांगर यांच्याकडे आली. मार्चअखेरीस, धोका स्पष्ट दिसत असतानाही, तिला घरी पाठविण्यात आले आणि काही दिवसांतच तिने आपले जीवन संपविले. बिन्सवांगर यांनी तिचा वृत्तांत १९४४–४५ मध्ये, म्हणजे दोन तपांनंतर, प्रसिद्ध केला. हायडेगरच्या अस्तित्वविचाराचा आधार घेऊन त्यांनी असा निष्कर्ष काढला की मृत्यूच्या निर्णयातच एलेन स्वतःला सापडली. शेवटच्या दिवशी तिने पोटभर खाल्ले, ती प्रसन्न होती, पतीबरोबर फिरावयास गेली, या तपशिलांना त्यांच्या निवेदनात एखाद्या शोकात्मिकेच्या अंतिम अंकाची कांती प्राप्त होते. या निवेदनात तिचे जेवण पारण्यासारखे भासते, आणि तेच त्यातील भीषण आहे.

या वाचनाला आक्षेप घेतले गेले. १९५८ मध्ये हा वृत्तांत इंग्रजीत आल्यानंतर कार्ल रॉजर्स यांनी तिच्या एकाकीपणाकडे लक्ष वेधले. तिला सर्वांनी वस्तू म्हणून पाहिले, व्यक्ती म्हणून तिच्याशी नाते जोडले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकन कवी फ्रँक बिडार्ट यांनी १९७७ च्या ‘द बुक ऑफ द बॉडी’ या संग्रहातील दीर्घ कवितेत तिचा आवाज व डॉक्टरची टिपणे आळीपाळीने मांडली आणि त्या दोहोंतील अंतर ऐकू येईल असे केले. तिचे स्वतःचे लेखन मात्र स्वतंत्रपणे वाचकांपुढे येण्यास २००७ साल उजाडावे लागले. हान कांग यांच्या ‘द व्हेजिटेरियन’ (२००७) या कोरियन कादंबरीत हाच प्रश्न रचनेच्या पातळीवर येतो. हळूहळू सर्व अन्न नाकारणाऱ्या नायिकेची कथा पती, मेहुणा व बहीण यांच्या दृष्टीतून उलगडते. तिच्या वाट्याला काही स्वप्नांचे तुकडे येतात. निवेदनस्थानापासून वंचित असणे हाच तेथे आशय झाला आहे.

एलेनच्या मृत्यूला उंची देणाऱ्या अर्थनिर्णयनाला एक वेगळा छेद त्याच १९४४–४५ या काळात मिनेसोटा विद्यापीठात दिला जात होता. युद्धोत्तर युरोपातील उपासमारग्रस्तांना कसे पुन्हा अन्नावर आणावे हे जाणण्यासाठी ॲन्सेल कीझ यांनी ३६ निरोगी पुरुष स्वयंसेवकांवर प्रयोग केला. हे सर्व जण तत्त्वासाठी युद्धसेवा नाकारणारे होते. २४ आठवडे त्यांना अपुरा आहार देण्यात आला. मनाने सुदृढ म्हणून निवडलेली ही माणसे पाककृतींची पुस्तके वाचू व जमवू लागली, जेवण तासन्‌तास चघळू लागली, खिन्न, चिडखोर व एकलकोंडी झाली. आहार वाढविल्यानंतरही मन व शरीर लगेच पूर्ववत झाले नाही. हे निष्कर्ष १९५० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. त्यांचा साहित्यविचाराशी संबंध असा की ज्या गोष्टी आपण व्यक्तित्वाचे गूढ, आत्म्याची तृष्णा किंवा प्रतीकांची योजना म्हणून वाचतो, त्यांतील बऱ्याचशा उपासमारीचे परिणाम असतात. अर्थ शोधण्याआधी अन्न पोचले पाहिजे, कारण अर्थ शोधणारे मनच उपाशी असते. तथापि, या पुरुषांना भूक लागताच खावयाचे होते. क्षुधानिग्रहातील रुग्णाला भरत्या ताटाचीच भीती वाटते. म्हणून केवळ अन्न पुरत नाही, परंतु अन्नावाचून काहीच पुरत नाही.

उपचारांच्या इतिहासात निवेदनस्थान हळूहळू सरकताना दिसते. हिल्डे ब्रूक यांनी ‘द गोल्डन केज’ (१९७८) मध्ये रुग्ण मुलींचे शब्द ऐकले. पुस्तकाचे नावही एका रुग्णेने स्वतःविषयी योजलेल्या प्रतिमेवरून आले आहे. स्वतःच्या संवेदना ओळखता न येणे आणि आपल्या हातून काहीच घडत नाही ही व्यापक भावना या आजाराच्या मुळाशी असते, असे ब्रूक यांनी मांडले. डॉक्टरने अर्थ सांगण्यापेक्षा रुग्णाला स्वतःचा अर्थ शोधू द्यावा, हा त्यातून निघणारा निष्कर्ष होता. १९७९ मध्ये लंडनचे जेराल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’चे वर्णन केले आणि निग्रह व अनावर खाणे यांचे नाते पुढे आले. रसेल व त्यांच्या मॉड्‌स्ली रुग्णालयातील सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की लहान वयात सुरू झालेल्या व फार काळ न झालेल्या आजारात कुटुंबाला सोबत घेणारे उपचार अधिक उपयोगी पडतात. गलने दाराबाहेर ठेवलेले आईवडील पुन्हा जेवणाच्या टेबलाशी आले. विनवणी व धमकी यांपलीकडची तिसरी भाषा त्यांना शिकविणे, हे त्या उपचाराचे स्वरूप होय.

रुग्ण स्वतः निवेदक झाल्याने प्रश्न मिटला, असे मात्र म्हणता येत नाही. आजार जगण्याची भाषा आपल्याला मिळालेल्या कथनांतून येते. हाँगकाँगमधील मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखविले की तेथील अनेक चिनी रुग्णांमध्ये लठ्ठपणाची भीती हे पाश्चात्त्य ग्रंथांतील व्यवच्छेदक लक्षण नव्हतेच. पोट भरल्यासारखे वाटते, भूक नाही, असे ते सांगत. म्हणजे निग्रह एक असला तरी त्याची सांगितली जाणारी कारणे उपलब्ध भाषेनुसार बदलतात. या निष्कर्षाची दुसरी बाजू अशी की भाषा पुरविणारी पुस्तके आजारालाही भाषा पुरवितात. मार्या हॉर्नबाकर यांचे ‘वेस्टेड’ (१९९८) हे वयाच्या तेविसाव्या वर्षी प्रसिद्ध झालेले आत्मकथन प्रामाणिक व बुद्धिमान आहे, आणि आजाराला मोहक करण्याचा लेखिकेचा हेतू नाही. तरीही आजारी वाचकांनी ते स्पर्धेच्या व अनुकरणाच्या दृष्टीने वाचल्याचे वारंवार सांगितले गेले आहे. वजनाचे व आहाराचे आकडे हे या वाङ्मयप्रकाराचे असे अंग आहे की जे निरोगी वाचकाला माहिती देते आणि आजारी वाचकाला आव्हान. ते आकडे प्रस्तुत निबंधात जाणीवपूर्वक टाळले आहेत.

याच्या तुलनेत लुईझ ग्लुक (१९४३–२०२३) यांची साक्ष निराळी आहे. २०२० चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या या कवयित्रीने ‘प्रूफ्स अँड थिअरीज’ (१९९४) मधील ‘एज्युकेशन ऑफ द पोएट’ या निबंधात आपल्या तरुणपणातील आजाराविषयी लिहिले. नकारातून स्वतःची सीमारेषा आखण्याचा तो प्रयत्न होता. एका क्षणी आपण मरणार आहोत हे त्यांना स्पष्ट दिसले आणि आपल्याला मरावयाचे नाही हेही. शाळेच्या अखेरच्या वर्षी सुरू झालेले मनोविश्लेषण सात वर्षे चालले. त्याने आपल्याला विचार करावयास शिकविले, असे त्या म्हणतात. बरे झालो तर लिहिणे संपेल ही भीती त्यांनी डॉक्टरांपुढे पुनःपुन्हा मांडली. जग तुम्हाला पुरेसे दुःख देईलच, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. काफ्काच्या कथेपासून समीक्षेने जोपासलेल्या समजुतीला, म्हणजे उपासमार हीच कलेची अट आहे या समजुतीला, याहून समर्पक उत्तर नाही. ग्लुक यांचा पहिला संग्रह १९६८ मध्ये आला, आणि त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ त्या लिहीत राहिल्या. त्या लेखनाचा विस्तार हाच त्या भीतीचा प्रतिवाद ठरला.

मग बरे होण्याचे रूप कोणते? आर्थर फ्रँक यांनी ‘द वूंडेड स्टोरीटेलर’ (१९९५) मध्ये आजाराच्या कथनांचे तीन प्रकार सांगितले : पूर्ववत होण्याचे, गोंधळाचे आणि शोधाचे. क्षुधानिग्रहातून बाहेर येणे यांपैकी एकातही नीट बसत नाही. पूर्ववत होण्यासारखी जागा अनेकींना आठवतही नाही, कारण आजार वाढण्याच्या वयातच आलेला असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉस्टन येथील दीर्घ अभ्यासात क्षुधानिग्रहाच्या रुग्ण स्त्रियांपैकी नऊ वर्षांनंतर सुमारे ३१ टक्के बऱ्या झालेल्या होत्या, तर बावीस वर्षांनंतर सुमारे ६३ टक्के. मनोविकारांत मृत्यूचे प्रमाण फार अधिक असलेल्या या आजारात हा आकडा आशादायक आहे, आणि त्यातील काळाचा विस्तार कथनमीमांसेला आव्हान देणारा आहे. नऊ वर्षांनंतर ज्या ‘न बऱ्या होणाऱ्या’ वाटल्या असत्या त्यांतील कित्येक जणींची कथा तेव्हा अर्ध्यावरच होती.

या बावीस वर्षांत घडते काय? सकाळ, दुपार, संध्याकाळ जेवण; भीती; पुन्हा जेवण; कधी माघार; पुन्हा ताट. जेरार जेनेत यांनी कथनातील वारंवारतेचा विचार करताना एकदाच घडलेले एकदा सांगणे आणि अनेकदा घडलेले एकदाच सांगणे यांत भेद केला आहे. आजाराची कथने पहिल्या प्रकारावर पोसली आहेत, कारण नाट्य तेथे असते. बरे होणे दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि या प्रकाराला आपण सहसा पार्श्वभूमी मानतो. मराठी परंपरेला मात्र पौनःपुन्यावर उभा असलेला एक वाङ्मयप्रकार ठाऊक आहे. जात्यावरची ओवी रोजच्या दळणाबरोबर, म्हणजे उद्याच्या भाकरीच्या तयारीबरोबर, म्हटली गेली. तिला शेवटची ओवी अशी नसते. दळण सरते आणि पहाटे पुन्हा सुरू होते. त्या स्त्रियांचे दारिद्र्य व भूक निराळी होती, तिची या आजाराशी गल्लत करता कामा नये. येथे साम्य आहे ते केवळ रूपाचे : अन्न आणि वाणी यांची रोजची, न संपणारी जोडणी.

व्रतामध्ये पारणे एकदाच येते, कारण उपवासाला मर्यादा असते. ज्या उपवासाला मर्यादा नव्हती त्याचे पारणे एका दिवशी उरकत नाही. ते वर्षानुवर्षे, दिवसातून तीनदा करावे लागते आणि बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी सोबतीने. त्यात दीप्ती नाही, शिखरबिंदू नाही, म्हणून ते आपल्या समीक्षेच्या नजरेतून सुटले. एलेन वेस्टच्या अखेरच्या दिवसाला जेवढे अर्थ लावले गेले, तेवढा विचार मॉर्टनच्या त्या मुलाच्या दुधाच्या पेल्याविषयी झाला असता, तर या आजाराविषयीचे आपले वाङ्मयीन ज्ञान आज निराळे असते. या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या अभ्यासकांनी आत्मकथनांच्या शेवटच्या, बहुधा घाईने लिहिलेल्या प्रकरणांपासून आरंभ करावा, असे सुचवावेसे वाटते. जेथे लेखिका आता सांगण्यासारखे काही राहिले नाही असे म्हणते, तेथेच बहुधा ती जेवू लागलेली असते.